गच्चीवरची भेंडी, कलिंगड आणि माठ

ताई, तुम्ही विचारलंय की उन्हाळ्यात गच्चीवर भेंडी, कलिंगड आणि पालेभाजी कुठल्या जातीची लावू, तर भेंडीसाठी मी डोळे झाकून परभणी क्रांती सांगेन, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं वाण आहे आणि केवडा रोगाला बऱ्यापैकी तोंड देतं. माझी आधीची भेंडी केवड्यानेच गेली, सगळी पानं पिवळी, जीव तुटला अगदी. हा रोग पांढरी माशी पसरवते त्यामुळे पिवळे चिकट सापळे लावाच. शिवाय हे संकरित नाही, दोन-चार शेंगा झाडावरच वाळू द्या, पुढच्या वर्षीचं बी घरचंच. आणि तोडणी एक दिवसाआड, नाहीतर जून होते.

कलिंगडात शुगर बेबी घ्या, फळ लहान असतं. पण गच्चीवर मधमाश्या कमी, म्हणून सकाळी लवकर नरफूल तोडून मादीफुलात हलकेच फिरवायचं, मादीफुलाच्या मागे छोटी गाठ दिसते त्यावरून ओळखू येतं.

मेथी-पालक आता नकोच, उन्हात लगेच फुलावर येतात, ते थंडीत करा. लाल माठ पेरा, महिन्याभरात भाजी मिळते.