आजेसासूबाईंचं सिंगर सोडवू, की झिगझॅगवालं घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, मदत हवी आहे आणि जरा घाईत आहे. भाचीच्या बाळाचं बारसं महिन्यावर आलंय आणि कुंची मी शिवणार, असं मी चारचौघांत बोलून बसले आहे. साधी नाही, काठाने वेल आणि पाठीवर मोर. हाताने भरायला घेतली तर बाळ चालायला लागेल.

घरात आजेसासूबाईंचं पायमशीन आहे. मिरजेहून आलं तेव्हापासून त्यावर टीव्ही होता, म्हणून ते आजवर वाचलं. काळं सिंगर, अंगावर हिरवी-लाल-सोनेरी कमळं. नंबर वाय अक्षराने सुरू होतो. बॉबिन सरकत्या पट्टीखाली आडवी बसते. इथल्याच एका जुन्या चर्चेवरून हे ६६के मॉडेल असावं असं वाटतंय. पट्टा तुटलाय आणि चाक जाम आहे. जाम म्हणजे दोन्ही हातांनी ओढलं तर अख्खं टेबल पुढे येतं, चाक हलत नाही. बॉबिनवर अजून नारिंगी दोरा आहे, कुणाच्या झबल्याचा कोण जाणे.

दुसरा पर्याय : रविवारी जुन्या बाजारात एक सिंगर ३०६के पाहिलं. झिगझॅग (नागमोडी टाका) आहे, चाक लोण्यासारखं फिरतं. साडेसहा हजार सांगतोय, पाचाला देईल.

तिसरं मत आमच्या गल्लीतल्या मशीनवाल्यांचं. "ताई, हेड (टेबलावरचं मशीन) भंगारात द्या. नाहीतर मी रंग मारून, वर नवीन स्टिकर लावून चकाचक करून देतो."

प्रश्न दोन. सरळ टाक्याच्या मशीनवर वेलबुट्टी होते का, की झिगझॅग लागतंच? आणि हे जाम चाक घरच्या घरी सुटेल का?

एक पापही कबूल करते. काल कापसावर स्पिरिट घेऊन एक कमळ पुसलं. कापूस सोनेरी झाला आणि कमळ पांढरट.

प्रतिसाद

ताई, स्पिरिटची बाटली आधी कपाटात ठेवा. त्या काळच्या मशीनवर काळा रंग, त्यावर छाप आणि छापावर लाखेचा पातळ थर असायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून ते पांढरं झालं. आता त्याला हात लावू नका. अमोनियावालं काच पुसायचं पाणीही नको. अंगाला फक्त मशीनचं तेल आणि जुन्या बनियनचा तुकडा, तोही न घासता.

रंग तर मुळीच मारून घेऊ नका. कमळं जातील ती जातीलच, वर रंग तेलाच्या भोकांत उतरतो आणि मग ते मशीन खरंच भंगारात जातं. वाय नंबर म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना आणि दोन महायुद्धांमधला काळ. ६६के मधला 'के' त्या किलबोवीचाच. तो कारखाना १९८० मध्ये बंद झाला. आतलं सगळं धातूचं आहे, त्यामुळे काही मोडलं असण्यापेक्षा तेल सुकून बसलं असण्याची शक्यता जास्त.

घरात विचारा, कुणी खोबरेल घालायचं का. वर्षानुवर्षं पडून राहिलं की ते लाखेसारखं चिकटतं, आणि थंडीत तर गोठतंच.

सोडवायची रीत अशी. बॉबिन काढा आणि तिथल्या दोरा पकडणाऱ्या हुकाच्या खोबणीत जुना दोरा, वळलेला धुरळा आहे का ते चिमट्याने पाहा. मग चाकाच्या मधला मोठा स्क्रू काढा. त्याच्या आत कान असलेला एक वॉशर निघेल, त्याचा काढण्याआधी फोटो घ्या. तो उलटा बसला तर चाक एकतर पकडणार नाही, नाहीतर बॉबिन भरताना सुटणार नाही. चाकामागे दांड्यावर दोरा गुंडाळला गेलेला असू शकतो. मग जिथे जिथे धातूवर धातू फिरतो तिथे रॉकेलचे दोन-दोन थेंब. कमळांवर ओघळू देऊ नका. केस वाळवायच्या यंत्राने हेड कोमट करा, रात्रभर ठेवा, सकाळी चाक मागे-पुढे झुलवा. केसभर हललं तरी जिंकलात. हातोडी, पक्कड लांब ठेवा. सुटल्यावर रॉकेल पुसून सगळीकडे मशीनचं तेल, नाहीतर कोरडं पडून घासेल.

आणि हो, सरळ टाका पुरतो. मशीन सुई वर-खाली करतं, फूल तुमचा हात काढतो. फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा पाय, काढायचं, कापड भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून रिंग उलटी धरायची म्हणजे कापड खाली मशीनला टेकेल, आणि रिंग फिरवायची. ६६ चे कापड सरकवणारे दात खाली जात नाहीत, त्यावर पट्टी लावून झाकायचे. माझ्या वडिलांनी जुन्या एक्स-रेचा तुकडा भोक पाडून चिकटवला होता, तो वर्षानुवर्षं टिकला. टाक्याची लांबी कमीत कमी ठेवा.

प्रतिसाद

३०६के माझ्याकडे आहे, म्हणून सांगते. मशीन फार गोड, पण त्याला २०६×१३ नंबरची सुई लागते. दुकानात "सिंगरची सुई" मागितली की एचए×१ देतात, ती किंचित लांब असते. तशीच लावली तर आत हुकाला लागते. विकणाऱ्याला विचारा, सोबत किती सुया देणार. तो "कुठलीपण चालते" म्हणाला तर पैसे खिशातच ठेवा.

झिगझॅगने काठ छान येतात, पानं भरता येतात. मोर मात्र त्यावरही रिंग फिरवूनच काढावा लागतो. घ्यायचंच असेल तर २०१के शोधा. झिगझॅग नाही, पण दात खाली करायचा स्क्रू असतो आणि टाका असा पडतो की काय सांगू.

धागाकर्ती, आठ दिवसांनी

सुटलं!

खोबरेलच होतं. सासूबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मग काय घालणार? घरात तेच असायचं." तेलाच्या भोकांत टाचणी घातली तर टोकाला मेणासारखा तपकिरी गोळा आला आणि चक्क वास आला, जुन्या फणीला येतो तसा. तिसऱ्या दिवशी सकाळी चाक नखभर हललं. संध्याकाळपर्यंत पाव फेरा, चौथ्या दिवशी अख्खा. चाकामागून हातभर दोरा निघाला, तोही नारिंगी. वॉशर अर्थातच उलटा बसवला, कारण फोटो काढायला विसरले. अर्धा फेरा फिरवून पुन्हा लावला, मग जमलं. पट्टा नवीन चामड्याचा टाकला.

आता नवं संकट. वरून टाका बरा दिसतो, खाली दोऱ्याचं घरटं. मधूनच टाके सुटतात. बॉबिन नव्या आणल्यात, उषाच्या.

प्रतिसाद (पहिलेच दादा)

उषाच्या बॉबिन काढून टाका. व्यास जवळपास सारखा असल्याने त्या बसल्यासारख्या वाटतात, पण त्या सपाट आणि जाड. ६६ ची बॉबिन बाजूने किंचित फुगीर असते. तुमची ती नारिंगी दोऱ्याची काढून शेजारी ठेवा, डोळ्यांनीच फरक कळेल.

टाके सुटतात तेव्हा आधी सुई बघा. ६६ ला सुईची चपटी बाजू उजवीकडे आणि दोरा डावीकडून उजवीकडे ओवायचा. शिंप्यांची बरीच मशीनं उलट ओवतात, त्यामुळे सवयीने चूक होते.

पाय मारताना चाकाचा वरचा भाग तुमच्याकडे यायला हवा. उलटा गेला की दोरा तुटलाच.

आणि फूट काढलं असलं तरी त्याचा मागचा लिव्हर खालीच हवा. वर राहिला तर टेन्शनच्या (दोरा ताणून धरणाऱ्या) चकत्या उघड्या राहतात आणि दोरा मोकळा सुटतो. नव्या माणसाच्या घरट्याचं कारण बहुतेक हेच.

धागाकर्ती

दादा, लिव्हर वर होता. फूटच नाही तर लिव्हर कशाला खाली करायचा, असा माझा हुशार विचार. सुईसुद्धा डावीकडे तोंड करून होती. ती नारिंगी बॉबिन रिकामी करून लाल दोऱ्याने भरली आणि जुन्या पिलोकव्हरवर पाच पाकळ्यांचं फूल काढलं. पहिलं वांग्यासारखं झालं, सातवं फूल म्हणण्याइतकं. पाय संथ आणि हात चलाख ठेवायचा, एवढं कळलंय. माझं नेमकं उलटं होत होतं.

३०६ वाल्याला सुया विचारल्या. "कुठलीपण चालते," म्हणाला.

मोर रद्द. काठाने वेल, पाठीवर एकच कमळ, मशीनवरचं बघून. पुसून गेलेल्या कमळाशेजारचं अजून स्वच्छ आहे, त्यावर बटरपेपर ठेवून आखून घेतलंय.

६६ च्या बॉबिन मात्र इथे तीन दुकानांत मिळाल्या नाहीत. आहे ती एकच, दर रंगाला उसवून भरते आहे. कुणाच्या घरी जुन्या डब्यात पडल्या असतील तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, टपालखर्च माझा. बारसं एकोणीस दिवसांवर आहे.