जखमी तालिबानीवर मदतसंस्थांनी उपचार करावेत का?

वाईकर

मंडळी, घरात वाद पेटलाय, म्हणून इथे विचारतो.

मी जिल्हा बँकेतून निवृत्त. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदतसंस्थेला दरमहा थोडे पैसे माझ्या खात्यातून आपोआप जातात. भाचा फौजेत आहे, सध्या रजेवर आलाय. पासबुक भरून आणायला त्याला बँकेत पाठवलं, तर ती नोंद पाहून घरी येऊन म्हणाला, "मामा, हे लोक तालिबानला मलमपट्टी करतात, माहितीये ना?"

मी वाचायला बसलो. रेडक्रॉसने २०१० साली स्वतःच जाहीर केलं होतं की एप्रिल महिन्यात अफगाणिस्तानात सत्तरहून जास्त 'सशस्त्र विरोधकांना', म्हणजे तालिबानलाच, प्रथमोपचार शिकवले. त्याच उपक्रमात अफगाण सुरक्षा दलाचे लोक होते आणि जखमींना गाडीत घालून आणणारे टॅक्सीवालेही होते. मग कुंदूझ. २८ सप्टेंबर २०१५ ला शहर तालिबानच्या हाती गेलं आणि ३ ऑक्टोबरच्या पहाटे अमेरिकन विमानाने 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'च्या रुग्णालयावर मारा केला. ४२ माणसं गेली. आत तालिबानी जखमी होते हे संस्थेने कधीच नाकारलं नाही. शस्त्रधारी कोणी आत नव्हता, एवढंच तिचं म्हणणं.

रुग्णालयावर बाँब टाकणं चूकच, त्यावर वाद नाही. माझी अडचण वेगळी आहे. कसाबलाही त्या रात्री नायरमध्ये नेऊन उपचार केले, पण त्याच्याभोवती पोलीस होते, पुढे खटला झाला, येरवड्याला फाशी झाली. तिकडे, २०२१ मध्ये तालिबानचीच सत्ता येईपर्यंत, तालिबानी बरा झाला की सरळ घरी जायचा, आणि महिन्याभराने कुणाच्या तरी गाडीखाली सुरुंग पेरायचा. त्यात माझे पैसे धरायचे की नाही?

भाच्याला काय सांगू?

खडूस

पैसे बंद करा असं सांगा. कसाबला बिर्याणी चारली तेवढं पुरे झालं.

आणि आता जिनिव्हा करार, युद्धाचे नियम वगैरे कुणी शिकवू नका. कारगिलमध्ये पाकिस्तानच्या कैदेत गेलेल्या कॅप्टन सौरभ कालियांचा देह कुठल्या अवस्थेत परत आला ते आठवा. समोरचा नियम पाळत नसेल तर आपणच का पाळायचे? युद्धात जखमी शत्रू म्हणजे अर्धं झालेलं काम. ते उलटं फिरवायला आपल्याच खिशातून पैसे द्यायचे, हा शहाणपणा मला तरी कळत नाही.

भूलवाली

खडूसकाका, बिर्याणीची गोष्ट बनावट होती. सरकारी वकिलांनीच २०१५ मध्ये तसं सांगितलं.

वाईकरकाका, मी मिरजेला भूल देते. मध्यंतरी एका मदतसंस्थेतर्फे दक्षिण सुदानमध्ये काम केलं. संस्थेचं आणि गावाचं नाव लिहीत नाही, माझ्याबरोबरचे काहीजण अजून तिथेच आहेत.

कपडे उतरवले की शत्रू-मित्र कळत नाही, उरतो तो माणूस, असं भाषणात छान वाटतं. तिथे तसं नव्हतं. बंडखोरांत नुएर जमातीचे जास्त, सरकारी फौजेत दिंका. जुन्या वळणाच्या नुएर पुरुषाच्या कपाळावर एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत सहा आडव्या रेघा कोरलेल्या असतात. दिंकांच्या काही गटांत रेघांचा कोन कपाळाच्या मध्यावर येतो. गाऊन घातला, सलाईन लावलं, तरी सगळ्या वॉर्डाला कोण कुणाचा ते ठाऊक. बंदुका मात्र फाटकाबाहेर. फाटकावर बंदुकीचं चित्र आणि त्यावर लाल फुली, कारण वाचता न येणारेच जास्त.

मांडीचं हाड गोळीने फुटलं की तिथे प्लेट-स्क्रू घालत नाहीत, जखम सडते. हाडातून पिन घालून पायाला दोरीने वजन लटकवतात आणि माणूस पाच-सहा आठवडे पाठीवर. आमच्याकडे वजन म्हणून वाळूच्या पिशव्या होत्या. जागा इतकी कमी की एक सरकारी शिपाई आणि एक बंडखोर शेजारशेजारच्या खाटांवर आले, दोघांनाही हलता येईना. पहिलं भांडण झालं ते पिशवीवरून. शिपायाची पिशवी लहान होती. "त्याला जास्त वाळू, मला कमी का?" अशी त्याने दुभाष्याकडून रीतसर तक्रार केली. वजन अंगाच्या वजनावर ठरतं आणि तो किडकिडीत होता, हे समजावताना आमच्या नर्सच्या नाकी नऊ आले. शेवटी दोघांना ताणकाट्यावर त्यांच्या पिशव्या तोलून दाखवल्या, तेव्हा कुठे थांबला. तिथे रोज याच गोष्टीसाठी झगडावं लागतं. तुम्ही पक्षपात करत नाही हे दोन्ही बाजूंना दिसलं पाहिजे, नुसतं असून चालत नाही.

एका रात्री सरकारी अधिकारी दंडाला गोळी लागून आला आणि पाठोपाठ कपाळावर नुएर रेघा असलेला पोरगा, पोटात गोळी, नाडी हाताला लागेना. अधिकाऱ्याबरोबरची माणसं म्हणाली, आधी साहेब. सर्जनने पोट आधी घेतलं, मी केटामाइनची भूल दिली. १९४९ च्या पहिल्या जिनिव्हा करारात बाराव्या कलमात लिहिलंय की उपचारात आधी कोण हे फक्त वैद्यकीय निकडीवर ठरेल. त्या रात्री कलम कुणी वाचलं नाही. त्या माणसांना ठाऊक होतं की उद्या त्यांचा साहेब पोटात गोळी घेऊन आला तर तोच आधी जाईल. एवढ्या एका खात्रीवर ते बाहेर बसून राहिले.

फाटकावर "तू कुणाचा?" विचारायला लागलात तर फक्त लढणारे येणं थांबत नाही. नवरा दुसऱ्या बाजूला आहे म्हणून अडलेली बाळंतीण येत नाही, तापाने फणफणलेलं पोर येत नाही. आणि प्रत्येक रुग्णालय मग कुणाचं तरी होतं. तिथल्याच मलाकल शहराच्या रुग्णालयात फेब्रुवारी २०१४ मध्ये खाटांवरच गोळ्या घातलेले रुग्ण सापडले, ते याच हिशेबातून.

आता तुमचा खरा प्रश्न. बरा झालेला परत लढायला जातो का? काही नक्कीच जातात. जात नाहीत असं सांगून मी तुमची समजूत काढणार नाही. तो शेजारचा शिपाईही गेला असेल, आणि तिथल्या सरकारी फौजेने खेड्यांत काय केलं ते तुम्ही वाचलंत तर त्याच्यावरचा उपचारही तुम्हाला डाचेल. मी भूल देताना पुढे तो काय करेल याचा न्याय करू शकत नाही, आणि तसा न्याय करणारा डॉक्टर तुम्हाला तुमच्या गावात चालणार नाही.

पण सगळीच मदत मला मान्य आहे असं समजू नका. १९९४ मध्ये रवांडातला नरसंहार करणारे सैनिक आणि इंतेराहाम्वे या हुतू टोळ्यांचे लोक सीमा ओलांडून आजच्या काँगोतल्या गोमाजवळच्या छावण्यांत निर्वासितांबरोबर राहिले. धान्यवाटप त्यांच्या हातात गेलं, छावणीतून ते पुन्हा फौज बांधू लागले. 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स'ची फ्रेंच शाखा नोव्हेंबरमध्ये तिथून निघून गेली, बऱ्याच संस्था राहिल्या. मी असते तर निघाले असते. जखमेवर टाका घालणं वेगळं आणि फौजेचा मुदपाकखाना चालवणं वेगळं. प्रथमोपचार शिकवणं मी पहिल्यात धरते, कारण रक्तस्रावाने माणसं रस्त्यातच जातात, आणि दाबपट्टी बांधता येणारा माणूस शेजारच्या बाईच्या पायालाही ती बांधतो.

पोखरणकर

मी सोलापूरचा, म्हणून एक लिहितो. अशा चर्चेत कुणीतरी डॉ. कोटणीसांचं नाव घेतंच, त्याआधीच सांगतो की हे उदाहरण इथे बसत नाही. १९३८ मध्ये काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं ते जपानविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या बाजूने. कोटणीस पुढे चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेतच दाखल झाले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तिकडेच वारले. थोर माणूस, पण तटस्थ नव्हे. बाजू घेऊन केलेली वैद्यकीय सेवा असते तशी ती होती, आणि तिला नावं ठेवायचं कारण नाही. वाईकरसाहेबांना तसे पैसे द्यायचे असतील तर सैनिक कल्याण निधी आहे की. तिथे हा प्रश्नच येत नाही.

सुभेदार_निवृत्त

खडूसराव, कालियासाहेबांचं नाव घेतलंत म्हणून बोलतो. त्याच कारगिलमध्ये पाकिस्तान आपल्या मेलेल्या जवानांना आपलं म्हणायला तयार नव्हता, तेव्हा आपल्या फौजेने त्यांना मौलवी बोलावून रीतीने दफन केलं. टायगर हिलवर पडलेला त्यांचा कॅप्टन कर्नल शेर खान ('कर्नल' हे त्याचं नावच) मात्र परत पाठवला, आणि तो शौर्याने लढला असं आपल्याच ब्रिगेडियरने लिहून दिलं. त्या चिठ्ठीनंतर त्याला तिकडे निशान-ए-हैदर हा त्यांचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. त्यांनी केलं नाही म्हणून आपणही करायचं नाही, अशी शिकवण मला तरी फौजेत कुणी दिली नाही.

मी आर्मी मेडिकल कोअरमध्ये नर्सिंग असिस्टंट होतो. जखमीवर चिठ्ठी लावतात ती प्राधान्य एक, दोन, तीन अशी. त्यात देशाचा रकाना नसतो. आणि हे केवळ मोठेपणाचं नाही. आपण चारही जिनिव्हा करार १९५० मध्ये मान्य केले, १९६० चा आपला कायदाच आहे. वाईकर, भाच्याला म्हणावं रजा संपली की युनिटच्या डॉक्टरसाहेबांना विचार.

वाईकर

सुभेदारसाहेब, भाच्याला वाचून दाखवलं. गप्प बसला, पण पटलं नाही. तो म्हणतो, फौजेने जखमी शत्रू पकडला तर तो कैदी होतो, कैदेतच बरा होतो. संस्थेवाले सोडून देतात. निदान पोलिसांना कळवायला काय हरकत आहे? भूलवालीताई, यावर काय?

भूलवाली

भाच्याचा मुद्दा बरोबर आहे, हाच फरक आहे. पकडणं सरकारचं काम आणि तो त्याचा हक्क. फाटकाबाहेर पडल्यावर पकडा, कोण अडवतंय? पण आतून फोन गेला की रुग्णालय पोलीसचौकी होतं.

सीरियात हे करून पाहिलं गेलं. जुलै २०१२ मध्ये दहशतवादविरोधी कायदे आले आणि विरोधकांवर उपचार करणं जवळपास गुन्हाच ठरलं. लढणारे त्यामुळे कमी झाले नाहीत. जखमी सरकारी रुग्णालय टाळायला लागले, डॉक्टर तळघरांत टाके घालायला लागले, आणि ज्यांचा लढाईशी संबंध नव्हता तेही त्याच तळघरांत यायला लागले.

पैशांचं म्हणाल तर बंद करण्याआधी संस्थेला तीन गोष्टी विचारा. शस्त्र फाटकाबाहेर ठेवायचा नियम आहे का? औषधांचा साठा कोण मोजतं? आणि साठा कुणी बळकावला तर तुम्ही तिथून निघता का, याआधी कधी निघालात? तिसऱ्याला गोलगोल उत्तर आलं तर पोखरणकर म्हणतात तिकडे द्या.

वाईकर

विचारतो. मेलचा मसुदा भाचाच लिहिणार म्हणतोय, आणि तिसरा प्रश्न पहिला टाकणार म्हणे.

खडूस

उत्तर आलं की इथे टाका. माझं मत तेच आहे, पण वाळूच्या पिशवीचं पटलं.