मांडवगड (मांडू) आणि महेश्वर एकाच दिवसात: पाहुण्यांना असं फिरवावं का?

नर्मदाकाठ
दिवाळीच्या सुट्टीत पुण्या-नाशिकचे पाहुणे इंदुरात उतरले की फर्माईश ठरलेली: "एका दिवसात मांडवगड आणि महेश्वर दोन्ही करून येऊ." टॅक्सीवालेही तेच सुचवतात. माझं मत स्पष्ट आहे, हे करू नये. हाताशी एकच दिवस असेल तर एकच गाव निवडावं.

हिशेब बघा. इंदूर ते मांडवगड साधारण ९५ किलोमीटर. तिथून गुजरी-धामनोदवरून महेश्वर चाळीसेक, आणि परतीचे पुन्हा नव्वदच्या वर. घाट धरून सहा तास गाडीतच जातात. सकाळी ६ ला निघून रात्री ९ ला परतलात तरी जेवणखाण वजा जाता हातात सात-साडेसात तास उरतात, आणि त्यातलेही सगळे उजेडाचे नाहीत. नोव्हेंबरात पावणेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मग महेश्वरला काय होतं? साडेपाचला पोचायचं, अहिल्याबाईंचा वाडा घाईघाईत बघायचा, घाटावर दोन फोटो काढायचे, की निघाले. राजवाड्यात रोज सकाळी मातीची शिवलिंगं करून लिंगार्चन होतं, अहिल्याबाईंच्या काळापासूनची ती पूजा. संध्याकाळी येणाऱ्याला ती दिसणारच नाही. महेश्वरी साड्यांचे माग चालू असताना बघायचे तर तेही दिवसाउजेडीच. ज्या अहिल्याबाईंसाठी मराठी माणूस एवढ्या लांब येतो, त्यांचंच गाव उरल्यासुरल्या वेळात उरकायचं, हे मला पटत नाही.

एबी रोड
मला हे मान्य नाही. बाहेरून येणाऱ्याला पुन्हा कधी यायला मिळेल याची खात्री नसते. त्याला "पुढच्या वेळी बघा" म्हणणं सोपं आहे. एका दिवसात दोन्ही नीट होतात, फक्त क्रम चुकता कामा नये.

बहुतेक लोक मांडवगडात शिरले की समोर दिसेल तिथे गाडी लावतात आणि जहाज महालातच दीड तास घालवतात. मग उन्हात रूपमती मंडप चढायचा आणि पुन्हा सगळं अंतर मागे यायचं. उलटं करा. साडेआठला गावात पोचलात तर न थांबता थेट रूपमती मंडप गाठा, तो गावातल्या चौकापासून पाच-सहा किलोमीटर आत आहे. परतताना रेवा कुंड आणि बाज बहादूरचा महाल वाटेतच लागतात. मग चौकात जामा मशीद आणि तिला लागूनच होशंगशाहचा मकबरा, आणि शेवटी जहाज महाल व हिंदोळा महाल. तिन्ही समूहांची तिकिटं वेगळी आहेत, १५ वर्षांखालच्या मुलांना लागत नाहीत. दाल-पानिये खायचे असतील तर गावात शिरतानाच सांगून ठेवा. मक्याचे पानिये पानांत भाजायला वेळ लागतो, आयत्या वेळी मागितले तर तासभर तिथेच मोडतो. दीडला जेवण, सव्वादोनला गाडी सुरू, पावणेचारपर्यंत महेश्वर. आधी वाडा, अहिल्येश्वर मंदिर आणि विठोजी होळकरांची छत्री (स्मारक), मग घाट, नाव आणि आरती. यात घाई कुठे आहे?

खुरासानी चिंच
क्रम चांगला आहे, पण एक गोष्ट सुटली. हिवाळ्यात सकाळी खालच्या निमाडात, म्हणजे नर्मदेच्या खोऱ्यात, धुरकं साचलेलं असतं. नऊला रूपमती मंडपावर उभं राहिलं तर नर्मदेची रेघ बहुतेक दिसत नाही, आणि तो मंडप प्रसिद्ध आहे तो त्या रेघेसाठी. हवा निवळायला अकरा-बारा वाजतात. थंडीत आधी होशंगशाह आणि जहाज महाल, मग रूपमती हेच बरोबर. तुमचा क्रम उन्हाळ्यासाठी ठीक.

निमाडकर
तुम्ही सगळे तासांचं गणित मांडताय, महिन्याचं कुणीच मांडत नाही. मांडवगड सहाशे मीटरहून उंच पठारावर आहे, महेश्वर खाली नर्मदेच्या खोऱ्यात. दोघांचा मोसम एक नाही.

जुलै-ऑगस्टात मांडवगड हिरवंगार असतं. मुंज तलाव आणि कपूर तलाव भरले की दोन पाण्यांमधला जहाज महाल खरोखर जहाजासारखा दिसतो. त्याच दिवसांत महेश्वरला नदी गढूळ आणि फुगलेली असते, घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात असतात, नावा बंद असतात. जलकोटीची सहस्रधारा तर दिसतच नाही, कारण ज्या खडकांमुळे धारा फुटतात ते खडकच बुडालेले असतात. उलट एप्रिल-मेमध्ये मांडवगडाचे तलाव आटतात, आणि महेश्वरचा घाट उत्तर काठावर, म्हणजे तोंड दक्षिणेला. दिवसभर ऊन थेट पायऱ्यांवर. दुपारी अनवाणी पाय टेकवत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं बरोबर असतील तर मे महिन्यात सकाळी १० नंतर घाटावर जाऊच नका.

दोन्ही एकत्र जमतात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. तलावांत पाणी असतं आणि नदी उतरलेली असते. बाकीच्या वर्षात एकच गाव धरा, या बाबतीत मी नर्मदाकाठ यांच्या बाजूने.

एबी रोड
ऑक्टोबरचा मुद्दा मान्य, माझा क्रमही दिवाळीच्या सुट्टीसाठीच होता. धुरक्याचंही बरोबर, तेव्हा रूपमती दुसऱ्या टप्प्यात. पण पावसाळ्यात फक्त मांडवगड केलं तरी रविवारी नको. आत जायचा रस्ता जुन्या दरवाज्यांतून जातो, समोरासमोर दोन गाड्या आल्या की रांग खोळंबते, आणि काकडा खोह या दरीपाशी लोक रस्त्यावरच गाड्या लावतात. पावसाळी रविवारी दुपारी ही रांग तुमचं सगळं वेळापत्रक खाते.

नर्मदाकाठ
तुमच्या वेळापत्रकात परतीचा रस्ता कुठेच नाही. आरतीनंतर निघालं की धामनोदहून वर येताना अंधार. त्या वाटेवरचा गणपती घाट अपघातांसाठी वर्षानुवर्षं कुप्रसिद्ध आहे, उतरणाऱ्या ट्रकांचे ब्रेक तापून निकामी व्हायचे. सकाळी ६ पासून गाडी चालवणाऱ्या माणसाला रात्री ८ ला त्या चढावर ट्रकांच्या मागे पाठवायचं, ही माझी खरी हरकत आहे. भाड्याची गाडी असेल तर चालकाला दुपारी दोन तास झोप मिळेल अशी सोय तरी करा.

त्यापेक्षा महेश्वरला एक रात्र राहावं. पहिल्या दिवशी मांडवगड, संध्याकाळी घाट. दुसऱ्या सकाळी लिंगार्चन, राजराजेश्वर मंदिरातले ११ अखंड दिवे, मग विणकरांच्या रेहवा सोसायटीत माग. साडी घ्यायचीच असेल तर ताणा (उभे धागे) रेशमी, बाणा (आडवे) सुती, हे विचारून आणि हात लावून बघून घ्या. पारंपरिक काठ दोन्ही बाजूंनी सारखा वापरता येतो, तेव्हा उलटी बाजूही बघा.

दोन तिकिटं
गाडी नसलेल्यांसाठी: एका दिवसात दोन्हीचा विचारच करू नका. मांडवगडाला इंदूरच्या गंगवाल स्टँडवरून धार गाठायचं आणि तिथे बस बदलायची, धारपासून पुढे ३५ किलोमीटर. गावात उतरल्यावर भाड्याची सायकल सोयीची. परतीची शेवटची बस किती वाजता, हे धारलाच उतरल्या-उतरल्या विचारून घ्या. महेश्वरला सरवटे स्टँडवरून धामनोद आणि पुढे १३ किलोमीटर दुसरी बस.

निमाडकर
नावेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. भाडं माणशी की अख्ख्या नावेचं, हे बसायच्या आधी ठरवा. नदीतल्या बाणेश्वर मंदिरापर्यंत जाऊन येणं आणि सहस्रधारेकडे जाणं यांचे दर वेगळे असतात. लाइफ जॅकेट अंगात घातल्याशिवाय नाव सोडू देऊ नका.

आणि सहस्रधारेच्या खडकांवर मुलांना मोकळं सोडू नका. वर ओंकारेश्वरचं धरण आहे, पाणी सोडलं की आभाळ कोरडं असतानाही नदी चढते. २००५ साली देवास जिल्ह्यात धाराजीला अमावस्येच्या स्नानाला जमलेले लोक असेच धरणातून सुटलेल्या पाण्यात वाहून गेले. भोंगा वाजला किंवा नावाडी ओरडला तर सामान तिथेच टाकून काठावर या.