तुर्कस्तानात १९२८ साली लिपी बदलली, ते आपल्या मोडीसारखंच का?

रुमाल_पुणे

नमस्कार मंडळी. मी मोडी वाचतो. पंधरा वर्षं झाली, लोक घरातले वतनाचे, वाटणीचे कागद घेऊन येतात.

गेल्या महिन्यात इस्तंबूलला गेलो होतो. सुलेमानिये मशिदीच्या मागे कबरस्तान आहे. तिथल्या एका दगडावरची अक्षरं इतकी सुरेख, की पाय निघेना. शेजारी एक तुर्की आजोबा उभे होते. गाइडला मध्ये घालून विचारलं, काय लिहिलंय? म्हणाले, "मला नाही वाचता येत. आजोबांची पत्रंसुद्धा घरात तशीच पडून आहेत." गलबलून आलं. हेच वाक्य मी पुण्यात दर आठवड्याला ऐकतो.

पण आपली मोडी हळूहळू गेली. छापखाना बाळबोधीचा, मग पन्नासच्या दशकात शाळेतूनही सुटली. तिकडे म्हणे काही महिन्यांत झालं. कसं जमलं? आणि करायला हवं होतं का?

अंकाराची_मिरजकर

दादा, खरंच महिन्यांतच झालं. माझं सासर इथलं, त्यामुळे हा विषय घरात जेवताना निघतो.

९ ऑगस्ट १९२८ च्या रात्री इस्तंबूलच्या गुल्हाने बागेत राष्ट्राध्यक्ष मुस्तफा कमाल (अतातुर्क) यांनी जुन्या अरबी लिपीच्या जागी नवी रोमन अक्षरं जाहीर केली. १ नोव्हेंबरला कायदा झाला, १ डिसेंबरपासून वर्तमानपत्रं नव्या लिपीत, १ जानेवारी १९२९ पासून पुस्तकं. लिपी ठरवणाऱ्या समितीतले लोक निदान पाच वर्षांची मुदत मागत होते. कमाल यांचं उत्तर होतं, तीन महिन्यांत होईल, नाहीतर होणारच नाही. दोन्ही लिप्या शेजारी छापल्या तर लोक जुनीच वाचतील, हे त्यांनी ओळखलं होतं.

गरज होती का? तुर्कीत आठ स्वर आहेत आणि अरबी लिपीत ते दाखवायला जेमतेम तीन-चार अक्षरं. 'ओन' म्हणजे दहा, 'उन' म्हणजे पीठ, आणि लिहायचं दोन्ही एकसारखं. संदर्भ लावून वाचायचं. तुम्ही मोडीत ऱ्हस्व-दीर्घ अंदाजाने लावता ना, त्याच्या कितीतरी पट.

१९२७ च्या खानेसुमारीत वाचता येणारे दहा टक्क्यांच्या आसपास होते. नव्या लिपीबरोबर 'मिल्लेत मेक्तेपलेरी' म्हणजे प्रौढांच्या शाळा निघाल्या, बायका-पुरुष दोघांसाठी. १९३५ पर्यंत प्रमाण वीस टक्क्यांच्या घरात गेलं. हे श्रेय मी एकट्या लिपीला देत नाही. खेड्यांत शाळाच नव्हत्या, त्या निघाल्या हे मोठं काम.

जुना_वाचक

ताई, राजकारण वगळू नका. १९२२ ला सुलतानी गेली, १९२४ ला खिलाफत, १९२५ ला फेज टोपीवर बंदी, १९२६ ला स्वित्झर्लंडच्या धर्तीवर दिवाणी कायदा. लिपी त्याच ओळीतली. उस्मानी साम्राज्याच्या सहाशे वर्षांकडे पाठ फिरवायची, तर तिथले कागद वाचता येईनासे करणं हा पक्का उपाय. मात्र ही कल्पना एकट्या कमाल यांच्या डोक्यातली नव्हे. लिपी सुधारण्याचा वाद इस्तंबूलमध्ये १८६० च्या दशकापासून होता, आणि सोव्हिएत अझरबैजानने रोमन लिपी आधीच घेतली होती.

अंकाराची_मिरजकर

राजकारण होतंच, मान्य. पण माझ्या मते खरी तुटातूट लिपीने झाली नाही, शब्दांमुळे झाली. १९३२ ला भाषा संस्था निघाली आणि अरबी-फारसी शब्द वेचून काढायला लागले. कमाल यांनी १९२७ साली सहा दिवसांत छत्तीस तास केलेलं प्रसिद्ध भाषण आजच्या पोरांना सोप्या तुर्कीत करून द्यावं लागतं. अक्षरं दोन महिन्यांत शिकता येतात. गेलेले शब्द कुठून आणणार? माझ्या सासूबाई अजून जुने शब्द बोलतात आणि नातवंडं त्यांना हसतात, ते मला फार लागतं.

तरी काही उरले आहेत. वहीला इथे 'देफ्तेर' म्हणतात, आपलं दप्तर! 'हेसाप', 'मुद्देत', 'जेवाप' ऐकलं की मिरजेच्या बाजारात उभी असल्यासारखं वाटतं.

दादा, त्या दगडाचा फोटो आहे का?

रुमाल_पुणे

फोटो धूसर आहे, इथे चढत नाही. दगडाच्या माथ्यावर फेज टोपी कोरलेली. पहिली ओळ आखूड, दोनच शब्द. शेवटी आकडे, ते फारसी कागदांमुळे ओळखीचे: १३२६.

अंकाराची_मिरजकर

टोपी म्हणजे पुरुषाची कबर. बायकांच्या दगडावर बहुतेक फुलं असतात. पहिली ओळ बहुधा 'हुवेल बाकी' असेल, म्हणजे तोच एक अविनाशी. आकड्यांच्या वर 'रूहुना फातिहा' शोधा, त्याच्या आत्म्यासाठी फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) म्हणा, असं वाटसरूला सांगणं असतं. हिजरी धरलं तर १३२६ म्हणजे १९०८.

रुमाल_पुणे

भिंग लावून पाहिलं. 'फातिहा' आहे! 'फे'चा ठिपका स्पष्ट दिसतोय. लिपी जायच्या वीस वर्षं आधीचा दगड. ताई, आता ही अक्षरं शिकायला बसतो. मधल्या ओळीत त्याचं नाव असेल, ते वाचायचंय.