पाचच्या नाण्यावर दोन्हीकडून सिंह. टाकसाळीची चूक की कोणाची करामत? भाव कसा काढावा?

पऱ्हाटीवाला (दिग्रस तालुका)
नमस्कार मंडळी. गावात किराण्याचं दुकान आहे. बाजाराच्या दिवशी गल्ल्यात पाचचं एक पिवळं नाणं आलं. गिऱ्हाइकाला चिल्लर म्हणून दिलं तर त्यानं लगेच परत केलं. म्हणे, "काका, हे खोटं हाये, पाच लिवलंच नाई." दुसऱ्यानंही तेच केलं. मग चष्मा लावून पाहिलं. एका बाजूला नेहमीचा सिंह. उलटवलं तर तिकडेही सिंहच, पण खड्ड्यात गेलेला, आणि 'भारत' आरशात दिसावं तसं उलटं. वर्ष नाही, आकडा नाही.

पोराने नेटवर पाहिलं, तिथे लाखांच्या गोष्टी. हे खरं असतं का? किंमत कशी ठरवायची? कोणाला दाखवू? फोटो टाकले आहेत, मोबाइल जुना आहे, सांभाळून घ्या.

सातबारा
काय राजेहो, नशीब काढलं! माझ्याकडे माता वैष्णोदेवीचं 2012 चं पाचचं नाणं हाये, त्याचे किती येतीन?

जुना_ढबू (वर्धा)
सातबारा भाऊ, पाच रुपये. ते स्मारक नाणं आहे, चुकलेलं नाही, आणि चलनासाठी भरपूर पाडलेलं आहे. तुमचा वेगळा धागा काढा.

पऱ्हाटीवाला काका, तुम्ही म्हणता तसंच असेल तर याला आपल्याकडचे नाणेवाले 'लखी' म्हणतात. इंग्रजी नाव ब्रॉकेज. नाणं पाडताना वर-खाली दोन ठसे असतात, मधे कोरी चकती. कधीकधी पाडलेलं नाणं खाली न पडता आकड्याच्या बाजूच्या ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आली की तिच्या एका बाजूला ठशाचा सिंह उठतो, आणि दुसऱ्या बाजूला आकड्याच्या ठशाऐवजी त्या चिकटलेल्या नाण्याचा सिंह दाबला जातो. म्हणून तो उलटा आणि खोल. वर्ष आणि टाकसाळीची खूण आकड्याच्या बाजूला असते, तीच बाजू उमटली नाही. त्यामुळे मुंबईचा चौकोन, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका की कोलकात्याची बिनखुणेची जागा, यातलं काही तुम्हाला कळणार नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

पण आधी एक शंका. दोन नाणी एकमेकांवर ठेवून वेल्डिंगवाल्याच्या शिकंज्यात आवळली तरी असाच उलटा सिंह उमटतो. तेव्हा लाखांचं नंतर बघू.

मोर्शीची_ताई
वजन करून घ्या ना सराफाकडे. 2019 च्या आधीच्या पाचच्या पिवळ्याचं 6 ग्रॅम, व्यास 23 मिलिमीटर. आणि चुंबक लावा. हे निकेल-पितळेचं असते, चिकटत नाही. एक-दोनचं स्टीलचं चिकटते.

जुना_ढबू
ताई, करावंच, पण त्यानं फक्त धातू कळेल. शिकंज्यात दाबलेल्या नाण्याचं वजन कमी होत नाही, ते तर 6 ग्रॅमच भरणार. खरी गोष्ट भिंगाखाली. काका, तीन ठिकाणी बघा.

पहिलं, खड्ड्यातल्या सिंहाच्या खाली-बाजूला पाचच्या आकड्याचा, वेलबुट्टीचा काही चपटा अवशेष दिसतो का. दाबलेल्या नाण्यावर तो राहतोच, कारण ते आधी चांगलं पूर्ण नाणं होतं. टाकसाळीतल्या लखीवर ती बाजू कधी उमटलेलीच नसते, तिथे फक्त सिंह.

दुसरं, उठावाचा सिंह. शिकंज्यात त्या बाजूलाही दाब बसतो, आयाळ, जबडा, अक्षरं चपटी होतात. खऱ्यात ती बाजू खणखणीत असते.

तिसरं, जागा. चिकटलेलं नाणं त्याच ठशाने पाडलेलं असतं, म्हणून ते फिरलं नसेल तर पुढचा उठाव आणि मागचा खड्डा बरोबर एकामागे एक येतात, पत्र्यावर मागून ठोकून काढल्यासारखे. शिकंजावाला इतकं नेमकं बसवत नाही.

झुणकाभाकर
माझ्याकडच्या एक रुपयाची कड कापलेली आहे चंद्रकोरीसारखी. हीबी चूक का?

जुना_ढबू
कापलेल्या जागेच्या बरोबर समोरची कड बघा. चकतीच आधी कापली गेली असेल तर बहुतेक वेळा समोरचा काठ दबका, पुसट येतो. काठ सगळीकडे सारखा असेल आणि कापलेल्या जागी ओरखडे असतील तर कोणीतरी ग्राइंडर लावलं.

पऱ्हाटीवाला
झालं. सराफाच्या काट्यावर 5.97 ग्रॅम. चुंबक चिकटत नाही. बसस्टँडवरच्या घड्याळवाल्याचं डोळ्याला लावायचं भिंग मागून आणलं. अर्धा तास उन्हात बसलो. पाचचा मागमूस नाही. उठावाच्या बाजूला आयाळीचे केस मोजावेत इतके साफ, खालचं 'सत्यमेव जयते' वाचता येते. खड्ड्यातला सिंह त्याच्या बरोबर मागे.

एक सांगायचं राहिलं. पोरगा चिंचेनं घासायला बसला होता, मी हिसकलं.

आणि काल व्हॉट्सअॅपवर एक जण आला. दोन लाख देतो म्हणे, आधी नोंदणीचे 1,250 भरा. खाली रिझर्व्ह बँकेचं चिन्ह.

मोर्शीची_ताई
भरू नका काका! रिझर्व्ह बँक जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या भानगडीत नाही, कमिशनही घेत नाही. 2021 मध्ये तिने स्वतःच पत्रक काढून सांगितलं होतं. घेणारा पैसे देतो, मागत नाही. आमच्या भावाचे असेच साडेतीन हजार गेले.

सातबारा
दहाचं नाणं तं आमच्या गावात कोनी घेऊनच नाही रायलं, अन् इथं दोन लाख 😀

मोर्शीची_ताई
तेही चालतात सगळे. तोवरचे चौदा वेगवेगळ्या छापाचे होते आणि सगळे खरे, हे रिझर्व्ह बँकेनंच 2018 मध्ये सांगितलं होतं. ऐकतो कोण!

जुना_ढबू
काका, तुमच्या वर्णनावरून मला तरी खरं वाटतं. आता भाव.

नेटवर विकायला ठेवलेल्या नाण्याखाली लिहिलेला आकडा म्हणजे मागणाऱ्याची इच्छा. भाव तो, जो लिलावात कोणी मोजून दिला. नाण्यांचे लिलाव करणाऱ्यांच्या साइटवर मागच्या लिलावांचे निकाल दिसतात. तिथे पाचचंच, पिवळंच आणि पूर्ण लखी असलेलं शोधा. चांदीच्या रुपयाचा किंवा ब्रिटिश काळातल्या लखीचा भाव तुमच्या नाण्याला लावू नका, तिथेच लोक फसतात. खड्डा पूर्ण चकतीवर आहे की अर्ध्या, यावर बरंच ठरतं. चिकटलेलं नाणं प्रत्येक ठोक्याला पसरत जातं, मग पुढच्या नाण्यांवर सिंह फुगीर, पुसट उमटतो. तुमचा साफ आहे म्हणजे तो पहिल्या एक-दोन ठोक्यांतला असावा. हे तुमच्या बाजूने. चलनात फिरून घासलंय, ते विरुद्ध.

मी आकडा सांगणार नाही, हातात घेतल्याशिवाय सांगणारा खोटं बोलतो. नागपूरला नाण्यांचं प्रदर्शन लागलं की घेऊन जा आणि तीन टेबलांवर तरी विचारा. माझ्या कड कापलेल्या रुपयाला पहिल्या टेबलावर पन्नास म्हणाले, चौथ्यावर दोनशेला गेला. पहिल्या टेबलावर "कितीला देता" असं विचारतील, तिथे आकडा बोलू नका.

तोवर मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही महिन्यांत हिरवट चिकट थर येतो. नाण्यांचा पुठ्ठ्याचा होल्डर मिळतो, तो नसेल तर साध्या कोऱ्या कागदाची पुडी. कडेनंच धरा.

पऱ्हाटीवाला
आभारी आहे भाऊ, ताई. जिऱ्याच्या पुड्या बांधतो त्याच कागदात बांधलं, वरून पेनानं 'विकू नये' लिहिलं, नाहीतर बायको गल्ल्यात टाकायची. आत्ता घड्याळवाल्याकडे भिंग परत द्यायला गेलो होतो. त्यानं एकदा पाहिलं आणि पाचशे रुपये काढून टेबलावर ठेवले.

जुना_ढबू
त्याला म्हणा, आधी नागपूरला जाऊन येतो.