ब्रायनच्या गिटारबद्दलही बोलूया!

'क्वीन' या ब्रिटिश रॉक बँडचा विषय निघाला की सगळे गायक फ्रेडी मर्क्युरीच्या आवाजाबद्दल लिहितात, ते अगदी मनातलं. पण कॉलेजात मला क्वीनचं वेड लावलं ते त्यांचा गिटारवादक ब्रायन मे याच्या गिटारनं. वडिलांच्या मदतीनं त्यानं ती घरी बनवली, दांडीला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं लाकूड, आणि वाजवायला सहा पेनीचं नाणं! सुरुवातीच्या अल्बमांवर बँडवाले अभिमानानं छापायचे की यात सिंथेसायझर (इलेक्ट्रॉनिक आवाज काढणारं वाद्य) नाही.

१९७४ चा 'क्वीन टू' हा अल्बम हेडफोन लावून ऐकाच. रेकॉर्डच्या दोन बाजूंची नावंच तशी: एक पांढरी, एक काळी. काळी सगळी फ्रेडीनं लिहिलेली, आणि माझा जीव तिच्यातच. फॅशन डिझायनर झँड्रा ऱ्होड्सनं शिवलेला फ्रेडीचा तो पंखांसारखा पांढरा अंगरखा, काळं नेलपॉलिश, सगळं त्याच काळातलं. आणि हो, फ्रेडीचा पहिला बँड 'द हेक्टिक्स' आपल्या पाचगणीतला, सेंट पीटर्स शाळेतला. तिथे तो पियानो वाजवायचा.