साठ आणि ऐंशी मिळून शंभर कसे? फेजर आणि संमिश्र संख्यांबद्दल एक शंका

प्रश्न
३० ओहमचा रेझिस्टर आणि ५० हर्ट्झला ४० ओहम रिॲक्टन्स (बदलत्या प्रवाहाला कॉइलकडून होणारा विरोध) असलेली कॉइल एकसर जोडणीत आहे आणि त्यांना १०० व्होल्टचा ए.सी. पुरवठा दिला आहे. कॉइलचा स्वतःचा रोध नगण्य धरला, तर व्होल्टमीटर रेझिस्टरवर ६० आणि कॉइलवर ८० व्होल्ट दाखवतो. बेरीज १४० होते, तरीही किरचॉफचा नियम (घटकांवरच्या दाबांची बेरीज पुरवठ्याच्या दाबाएवढी असते) पाळला जातो असे सांगतात. संमिश्र संख्या वापरल्या की उत्तर बरोबर येते, हे मी करून पाहिले आहे. पण प्रत्यक्ष तारेतून वाहणाऱ्या प्रवाहात ‘काल्पनिक’ असे काय असते, हे मला उमगलेले नाही.

प्रतिसाद १
किरचॉफचा नियम प्रत्येक क्षणाच्या दाबाला लागू होतो, आणि व्होल्टमीटर क्षणाचा दाब दाखवतच नाही. तो आरएमएस मूल्य, म्हणजे बदलत्या दाबाचे परिणामी मूल्य दाखवतो; साइन तरंगासाठी ते शिखराच्या सुमारे ०.७ पट असते. तुमच्या मंडलात प्रवाह २ अँपिअर आहे. तो शून्यातून वर चढत असतो त्या क्षणी रेझिस्टरवरचा दाब शून्य असतो, पण प्रवाह सर्वांत वेगाने बदलत असल्यामुळे कॉइलवरचा दाब नेमका शिखरावर, म्हणजे सुमारे ११३ व्होल्ट असतो. पुढे सुमारे ३७ अंशांवर रेझिस्टरवर ५१ आणि कॉइलवर ९०.५ व्होल्ट असतात; त्यांची बेरीज साधारण १४१.४ होते, आणि १०० व्होल्ट आरएमएसचे शिखर तेवढेच असते. दोन्ही दाब एकाच वेळी शिखरावर पोहोचत नाहीत, म्हणून शिखरांची किंवा आरएमएस मूल्यांची सरळ बेरीज करता येत नाही.

प्रवाहात काल्पनिक काहीही नसते. एकाच वारंवारतेच्या साइन तरंगाची ओळख पटवायला आकारमान आणि फेज एवढ्या दोनच गोष्टी पुरतात, आणि संमिश्र संख्येत नेमक्या दोन गोष्टी मावतात; अशा संख्येलाच फेजर म्हणतात. ‘जे’ने, म्हणजे उणे एकच्या वर्गमुळाने, गुणणे म्हणजे ९० अंशांनी पुढे फिरवणे. (गणितातले ‘आय’ हे अक्षर प्रवाहासाठी आधीच अडकलेले असल्याने विद्युत अभियंत्यांनी ‘जे’ घेतले.) आता करून पाहा: १०० ला ३० + जे४० ने भागले, की प्रवाह १.२ − जे१.६ येतो. रेझिस्टरवरचा दाब ३६ − जे४८ आणि कॉइलवरचा ६४ + जे४८. बेरीज बरोबर १००. जे४८ परस्परांत नाहीसे झाले.

प्रतिसाद २
वरील उत्तराला एक जोड देतो. या पद्धतीचा खरा फायदा विकलनात आहे. कॉइलचा दाब प्रवाहाच्या बदलाच्या दरावर ठरतो, त्यामुळे मुळात डिफरन्शिअल समीकरण सोडवावे लागते. परंतु फिरत्या संमिश्र घातांकाचे विकलन केले, तर तोच घातांक ‘जे ओमेगा’ने (ओमेगा म्हणजे कोनीय वारंवारता) गुणून परत मिळतो, आणि समीकरण साध्या बीजगणितावर येते. चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी १८९३ मध्ये शिकागो येथील आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत ही पद्धत मांडली.

प्रश्नकर्ता
धन्यवाद, ३६ आणि ६४ ची बेरीज पाहिल्यावर उलगडा झाला. मात्र शक्ती काढताना प्रवाहाची अनुबद्ध संख्या (काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवलेली) का घ्यावी लागते? मी नुसता गुणाकार केला, तर १२० − जे१६० आले, आणि १२० वॅट हे उत्तर तर बरोबरच आहे.

प्रतिसाद १
ते योगायोगाने बरोबर आले आहे, कारण पुरवठ्याचा कोन तुम्ही शून्य धरला. तोच कोन ४५ अंश धरा. मंडल तेच आहे, त्यामुळे शक्ती बदलता कामा नये. पण दाब आणि प्रवाह दोघेही ४५ अंशांनी फिरल्याने गुणाकार ९० अंशांनी फिरतो आणि १६० + जे१२० येतो. म्हणजे तीच जोडणी आता १६० वॅट घेते असे म्हणावे लागेल! शक्ती दोघांमधल्या कोनाच्या फरकावर अवलंबून असते, आणि प्रवाहाच्या काल्पनिक भागाचे चिन्ह उलटवले, तरच गुणाकारात कोनांची वजाबाकी होते. तसे केल्यास पहिला कोन धरा वा दुसरा, १२० + जे१६० हेच उत्तर मिळते. पडताळा सोपा आहे: २ चा वर्ग गुणिले ३०, म्हणजे १२० वॅट. उरलेली १६० व्हार ही कॉइल आणि पुरवठा यांच्यात ये-जा करणारी प्रतिघाती शक्ती होय. फेजर शिखर मूल्यांत घेतले असतील, तर गुणाकार निम्मा करायला विसरू नका. परीक्षेत गुण जातात ते बहुधा इथेच.

प्रतिसाद ३
मर्यादाही ध्यानात असाव्यात. फेजर फक्त स्थिर अवस्थेचे आणि एकाच वारंवारतेचे वर्णन करतो. तुमच्या कॉइलचे इंडक्टन्स सुमारे ०.१२७ हेन्री येते. त्याला ३० ओहमने भागले, की कालस्थिरांक (सुरुवातीचा तात्पुरता प्रवाह किती वेगाने ओसरतो याचे माप) ४.२ मिलिसेकंद मिळतो; तो ओसरायला साधारण पाच कालस्थिरांक लागतात. म्हणजे स्विच लावल्यावरच्या पहिल्या एका आवर्तनात, २० मिलिसेकंदांपर्यंत, प्रवाह १.२ − जे१.६ या फेजरप्रमाणे वागेलच असे नाही. पुरवठ्यात दोन वारंवारता असतील, तर प्रत्येकीसाठी रिॲक्टन्स नव्याने काढून मंडल वेगवेगळे सोडवावे आणि प्रवाहांची बेरीज काळाच्या रूपात आणूनच करावी. मंडलात डायोड असेल, तर ही पद्धत तशीच्या तशी वापरता येत नाही.